कूलर गळतो केव्हा, ते आधी पहा

होळी झाली, उन्हे चटकू लागली की आमच्या हिवरखेडात आणि साऱ्या वऱ्हाडात माळ्यावरचे, गोदामातले, अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले कूलर बाहेर निघू लागतात. मृगाचा पाऊस पडला की ते बंद होतात. म्हणजे जून ते फेब्रुवारी असे आठ-नऊ महिने ते कोरडे पडून असतात. बाहेर काढल्यावर बहुतेकांची रीत एकच. धूळ झटकली, नवे गवत भरले, टाकी भरली, प्लग लावला. हवा थंड आली की काम झाले असे समजायचे. दोन-तीन दिवसांनी खाली पाण्याचे थारोळे दिसते आणि मग गळती शोधण्याची धावपळ सुरू होते. तोपर्यंत खालच्या फळीवरचा माल ओला झालेला असतो.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु दुकानदार आणि कारागीर यांच्यासाठी त्यात तीन गोष्टी पणाला लागतात. पहिली, माल. दुसरी, जीव; कारण कूलरमध्ये पाणी आणि वीज एकाच पेटीत शेजारी नांदतात. तिसरी, पाणी, जे आपल्या भागात मोजून मिळते. म्हणून कूलरच्या पाण्याची वाट हंगामापूर्वी कशी तपासावी, हे या लेखात आम्ही क्रमाने सांगणार आहोत. खर्च फारसा नाही. दीड दिवसाचा वेळ आणि थोडी एहतियात लागते.

कूलर ही आता चैन राहिलेली नाही

मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५.८ अंश सेल्सिअसवर गेले, तेव्हा जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले आणि आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे यांची सोय करावी, असे बजावले. अशा दिवसांत दुपारी बारानंतर गिऱ्हाईक थंडाव्याशिवाय दुकानात टिकत नाही. शिलाई मशीनवर बसलेला कारागीर घामाने भिजतो आणि घामाचे डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर उतरतात. लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांतच असते. वातानुकूलित यंत्राचे वीजबिल लहान दुकानाला परवडत नाही. म्हणून कूलर हाच आपला आधार.

कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. पाण्याला गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ होताना शोषून घेते. ही उष्णता आत येणाऱ्या हवेतून काढली जाते, म्हणून हवा गार होते. आपल्याकडचा मार्च ते मेचा उन्हाळा कोरडा असल्याने पाणी झपाट्याने उडते आणि कूलर उत्तम चालतो. पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर निरुपयोगी होतो.

पडून राहिल्याने गळती का सुरू होते?

थंड देशांत लोक हिवाळ्यात बंद ठेवलेल्या घरांच्या आणि प्रवासी गाड्यांच्या नळ्या वसंत ऋतूत तपासतात. तिकडे नळीत राहिलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळी फोडते. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे नळ्यांचे दुश्मन तीन : क्षार, गंज आणि कोरडेपणा.

आमचे हिवरखेड अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याकडचे. मोर्शी तालुक्यातले हिवरखेड वेगळे. सातपुड्याकडून दक्षिणेला पूर्णा नदीकडे जावे तसा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. बोअरचे असे पाणी कूलरमध्ये घातले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. हिशेब करून पहा. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहेत आणि रोज ४० लिटर पाणी उडते असे धरले, तर रोज ४० ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या आसपास क्षार कूलरमध्ये साचतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. म्हणजे आम्ही धरलेला एक ग्रॅम हा काही अतिशयोक्तीचा आकडा नाही.

हे क्षार कोपऱ्यांत, सांध्यांत, पंपाच्या जाळीत पांढऱ्या थराने बसतात. पावसाळ्यात ते हवेतली ओल धरून ठेवतात आणि त्याखाली पत्रा आतल्या आत गंजतो. जस्ताचा मुलामा जेथे खरवडला गेला असेल तेथे आधी भोक पडते. मौजेची गोष्ट अशी की, ते भोक क्षारांनीच बुजलेले असते. टाकी भरली की दोन-तीन दिवसांत क्षार विरघळतात आणि भोक उघडे पडते. पहिल्या दिवशी न गळणारा कूलर तिसऱ्या दिवशी गळू लागतो, त्याचे कारण हे.

कोरडेपणाचा परिणाम नळीवर आणि रबरावर होतो. प्लास्टिकची नळी उन्हात आणि माळ्यावरच्या उकाड्यात कडक होते. तिची टोके तडकतात. बॉलकॉकचा आणि तळाच्या बुचाचा रबरी वॉशर वाळून आकसतो. उंदरांनी कुरतडलेली नळी आणि वायर हा प्रकार तर गोदामात ठरलेलाच.

पाण्याची वाट ओळखा

कूलरमधले पाणी एका ठरलेल्या वाटेने फिरते. नळाचे किंवा वरच्या टाकीचे पाणी बॉलकॉकमधून खालच्या टाकीत येते. टाकीतला पंप ते उभ्या नळीने वर चढवतो. वर टी-जोड असतो, तेथून पाणी तिन्ही बाजूंच्या पन्हाळींत वाटले जाते. पन्हाळीच्या भोकांतून ते गवताच्या ताट्यांवर झिरपते आणि ताटीच्या पायथ्याशी पुन्हा टाकीत पडते. पंखा बाहेरची हवा या ओल्या ताट्यांमधून ओढून दुकानात सोडतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक गळती कुठे आहे हे शोधत बसतात. पाणी पत्र्यावरून ओघळत भलत्याच कोपऱ्यात टपकते, म्हणून डोळे फसतात. गळती कुठे हे विचारण्याआधी ती केव्हा होते हे विचारावे. याची उत्तरे चारच आहेत.

सगळे बंद असतानाही गळत असेल, तर दोष टाकीत किंवा तळाच्या बुचात आहे. पाणी भरतानाच सांडत असेल, तर बॉलकॉकमध्ये आहे. पंप चालू केल्यावर गळत असेल, तर नळी, टी-जोड, पन्हाळ किंवा ताटीत आहे. केवळ पंखा लावल्यावर पाणी पडत असेल, तर ती गळती नव्हे. पंखा थेंब ओढून बाहेर फेकतो आहे.

म्हणून तपासणीही चार टप्प्यांत करावी. एका वेळी एकच गोष्ट चालू करावी. सगळे एकदम सुरू केले की चारही दोष एकमेकांत मिसळतात आणि कारागीर टाकीला डांबर लावत बसतो, तेव्हा पाणी खरे तर वरच्या पन्हाळीतून येत असते.

पहिला टप्पा : टाकी, विजेशिवाय

ताट्या आणि जुने गवत काढून टाकावे. प्लग लावू नये. टाकी आतून नारळाच्या काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने घासावी. कडांवर विशेष जोर द्यावा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही अनेक महिने जिवंत राहू शकतात. न घासता पाणी भरले की ती फुटतात.

घासून झाल्यावर तळ आणि सांधे पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकून पहावेत. जेथे आवाज बोदा येतो किंवा पत्रा दबतो, तेथे खडूने खूण करावी. मग कूलर त्याच्या नेहमीच्या लोखंडी स्टँडवर, समतल जागी, दुकानाबाहेर किंवा अंगणात ठेवावा. खाली कोरडी जुनी वर्तमानपत्रे पसरावीत. कोरड्या फरशीवर न दिसणारा थेंब कागदावर लगेच डाग पाडतो आणि डाग वाळला तरी खूण राहते.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरावी. अर्ध्या टाकीची चाचणी उपयोगाची नाही. साठ लिटर पाण्याचे वजन साठ किलो होते. एवढ्या भाराने तळ वाकतो, सांधे ताणले जातात आणि मगच बारीक चीर उघडते. पाण्याच्या पातळीला आतून पेन्सिलीने रेघ ओढावी. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिच्यातही रेघ ओढावी. रात्रभर तसेच राहू द्यावे.

सकाळी दोन्ही रेघा पहाव्यात. रात्रीतून थोडे पाणी आपोआप उडते. ते बादलीतूनही उडालेले असते. टाकीची पातळी बादलीइतकीच उतरली असेल, तर टाकी शाबूत आहे. अधिक उतरली असेल, तर गळती आहे. मग लगेच पाणी काढून टाकण्याची घाई करू नये. पाणी उतरू द्यावे. ते ज्या उंचीला येऊन थांबेल, त्याच उंचीवर भोक आहे असे समजावे. शेवटपर्यंत उतरत राहिले, तर दोष तळात किंवा बुचात.

क्षारांनी बुजलेल्या भोकाचा धोका आम्ही वर सांगितलाच आहे. म्हणून वेळ असेल तर हा टप्पा एका रात्रीऐवजी तीन रात्री चालू द्यावा.

दुसरा टप्पा : बॉलकॉक

बॉलकॉकचा गोळा काढून कानाशी हलवावा. आत पाणी खळखळले, तर गोळा फुटका आहे. असा गोळा वर उचलला जात नाही आणि नळ बंद होत नाही. गोळा ठीक असेल, तर टाकी थोडी रिकामी करून नळ सोडावा. पाणी ठरलेल्या पातळीला येताच धार पूर्ण थांबली पाहिजे. बारीक थेंब पडत राहिले, तर वॉशर बदलावा. वॉशर काही रुपयांचा असतो, त्यासाठी जुनाच उलटा करून बसवू नये.

ही चाचणी वरची टाकी भरलेली असताना करावी. टाकी अर्धी असताना दाब कमी असतो आणि कमजोर वॉशरही पाणी अडवतो. आपल्याकडे नळ कधी पहाटे येतो, कधी मध्यरात्री. दाब वाढतो तेव्हा दुकानाचे शटर ओढलेले असते. म्हणून बॉलकॉक कितीही चांगला असला, तरी रोज दुकान बंद करताना आणि जुम्म्याच्या नमाजसाठी शटर ओढतानाही कूलरच्या पाण्याची चावी हाताने बंद करावी. ही सवय नोकरांनाही लावावी.

तिसरा टप्पा : पंप, पंख्याशिवाय

येथे पहिल्यांदा विजेचा संबंध येतो. त्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून पंपाची वायर, प्लग आणि अर्थिंग तपासून घ्यावे. आठ महिने पडलेल्या पंपाच्या वायरीला कुरतडल्याची वा तडकल्याची खूण असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. ती वायर पाण्यात बुडायची आहे. वायर किंवा पंप बदलावा.

आधी नळीचे वरचे टोक काढून टाकीतच सोडावे आणि पंप चालू करावा. पाणी जोमाने फिरते आहे आणि पंपाजवळचा सांधा कोरडा आहे, हे बॅटरीच्या उजेडात पहावे. पंप बंद करून, प्लग काढून नळी वर टी-जोडाला लावावी आणि पुन्हा चालू करावा. आता टी-जोड आणि पन्हाळी पहाव्यात. पन्हाळ एका बाजूला कलली असेल, तर पाणी भोकांतून न जाता काठावरून ओसंडते. भोके क्षारांनी बुजली असतील, तरी तेच होते. शेवटी ताट्या बसवून तपासावे. ताटी पूर्ण भिजायला वेळ लागतो, म्हणून किमान तासभर पंप चालू ठेवावा. ताटीचा पायथा टाकीच्या काठाच्या आत आहे ना, हे पहावे. गवताचे एखादे लोंबते टोक बाहेर आले, तर त्यावरून पाणी वातीसारखे बाहेर ओघळते. अनेक वेळा भल्या मोठ्या गळतीचे कारण गवताची एवढी एकच काडी असते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पंप चालू असताना फक्त डोळ्यांनी पहावे. हात लावून ओल तपासायची असेल, तर आधी बटण बंद करावे, प्लग काढावा आणि मगच हात लावावा.

चौथा टप्पा : पंखा

आता पंखा लावावा आणि समोर तीन-चार हातांवर कोरडा कागद धरावा. कागदावर थेंब उमटले, तर कारणे बहुधा दोन असतात. ताटीत गवत विरळ भरले गेले आहे, किंवा पंपाचे पाणी गरजेपेक्षा जास्त आहे. गवत सारखे दाबून भरावे, मोकळ्या जागा राहू देऊ नयेत. पाणी जास्त असेल, तर नळीवर चिमटा लावून ते कमी करावे. ताटी ओली राहावी, तिच्यावरून धार वाहू नये. कापडाच्या दुकानात ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण हे थेंब क्षारयुक्त असतात आणि गडद रंगाच्या कापडावर वाळल्यावर पांढरे ठिपके ठेवतात.

दुरुस्ती कशी करावी?

पत्र्यातले बारीक भोक असेल, तर आजूबाजूचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, जागा पूर्ण वाळवावी, एम-सील लावावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी लावू नये. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर लावलेले एम-सील पापुद्र्यासारखे निघून येते. सांधा उकलला असेल, तर टिनवाल्याकडून झाळून घ्यावा. त्यानंतर तळाला आतून डांबराचा रंग द्यावा. डांबर हे भोक बुजवण्याचे औषध नव्हे. ते शाबूत पत्र्याला गंजापासून वाचवते, एवढेच त्याचे काम. तळ ठिकठिकाणी दबत असेल, तर ठिगळे लावण्यात पैसे घालवू नयेत, तळच बदलून घ्यावा.

प्लास्टिकच्या टाकीला चीर गेली असेल, तर एम-सील फार दिवस धरत नाही. प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्याकडून ती सांधून घ्यावी किंवा टाकी बदलावी.

नळीचे टोक तडकले असेल, तर दोन बोटे कापून टाकावे आणि उरलेली नळी क्लॅम्प लावून बसवावी. नळी वाकवल्यावर पांढरी पडत असेल, तर ती संपली. तारेने आवळलेली नळी ताराखालीच फाटते, म्हणून तार वापरू नये.

पंप आणि प्लास्टिकच्या नळ्यांतला क्षार काढायला लिंबूफूल घातलेल्या कोमट पाण्यात ते सुटे भाग काही वेळ बुडवून ठेवावेत आणि नंतर धुवावेत. पंपाचा प्लग आणि वायरीचे टोक मात्र कोरडे राहिले पाहिजे. संडास साफ करण्याचे तेजाब पत्र्याच्या टाकीत कधीही ओतू नये. ते क्षाराबरोबर जस्ताचा मुलामाही खाऊन टाकते आणि पुढच्या वर्षीचे भोक आजच तयार करते.

विजेची गफलत जीवावर बेतते

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत लहान मुलेही असतात. महावितरण दरवर्षी सूचना देते : तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग नीट ठेवा, पाणी भरण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढा, ओल्या हाताने कूलरला स्पर्श करू नका. यांपैकी एकही सूचना खर्चिक नाही.

गळती आणि शॉक यांचे नाते समजून घ्यावे. पंपाच्या वायरीचे आवरण फाटले, की पत्र्याच्या पेटीत वीज उतरते. अर्थिंग चांगले असेल, तर ती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल, तर ती वाट पाहत राहते. गळतीमुळे खालची फरशी ओली असते. त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस पेटीला हात लावतो आणि वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. कोरड्या फरशीवर हा धक्का कदाचित झिणझिणीवर भागला असता. ओल्या फरशीवर तो जीव घेतो.

बोर्डात एमसीबी बसवली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरच्या पुढे गेल्यावर पडते. माणसाच्या हृदयाला मात्र त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी प्रवाहही घातक ठरू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी लागते. काही जण तिला ईएलसीबी म्हणतात. अर्थिंगच्या वायरीतून किंवा माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागताच ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पहावे. दुकान, कारखाना, मदरसा, मशीद, जेथे जेथे कूलर आहे तेथे ही वस्तू असलीच पाहिजे. मशिदीतले लोक वजू करून ओल्या पायांनी येतात, हे विश्वस्तांनी विसरू नये.

दुकानात कूलर कोठे असावा?

चारही टप्प्यांत उतरलेला कूलरही हंगामात कधीतरी गळेलच, असे धरून मांडणी करावी. कूलर शक्यतो खिडकीबाहेर, स्टँडवर असावा आणि त्याचा कल किंचित बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे सांडलेले पाणी रस्त्याकडे जाईल, दुकानात येणार नाही. आत ठेवणे भाग असेल, तर खाली कड असलेला ट्रे ठेवावा. कापडाचे तागे, रुईच्या गाद्या, शिलाईचे कपडे जमिनीवर ठेवू नयेत. निदान चार बोटे उंच लाकडी फळ्यांवर ठेवावेत. सुती कापड ओल झपाट्याने ओढते. खालच्या ताग्याला लागलेले पाणी वरच्या ताग्यांपर्यंत चढत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

दुकानाला हवा बाहेर जाण्याची वाट असावी. कूलरची हवा ओलसर असते. ती कोंडली गेली, तर गळती नसतानाही खळ दिलेल्या कापडाला कुबट वास येतो, जरी काळवंडते आणि मशीनच्या सुया गंजतात.

ओला झालेला माल

एवढे करूनही माल भिजला, तर तो लगेच वेगळा काढावा. ताग्याची घडी उलगडून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. घडीतच वाळू दिला, तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि एका रंगाचा डाग दुसऱ्यावर उतरतो.

आणि येथे व्यापारी म्हणून आपली खरी परीक्षा असते. हदीसमधला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तर आतला माल ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आपण विचारले की, मग तो ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही; आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ती रास धान्याची होती, आपली कापडाची आहे. हुकूम एकच. भिजून वाळलेले कापड विकायला मनाई नाही. त्याचा दोष गिऱ्हाइकाला दाखवून, भाव कमी करून विकावे. इस्त्री करून, वरच्या दोन घड्या चांगल्या ठेवून पूर्ण भावाने विकलेल्या ताग्यात बरकत नसते. आणि आपल्यासारख्या लहान गावात ती गोष्ट लपूनही राहत नाही.

कारागीर बांधवांना दोन शब्द

कूलर बनवणारे, पत्र्याचे काम करणारे, मोटार भरणारे यांत आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी या चार टप्प्यांची तपासणी स्वतःचा धंदा म्हणून करावी. मार्चच्या गर्दीत दुरुस्तीला आलेला कूलर पाणी भरून रात्रभर ठेवल्याशिवाय परत देऊ नये. गिऱ्हाइकाला दोष नीट सांगावा : टाकीत आहे की नळीत, किती दिवस टिकेल, काय बदलावे लागेल. पत्रा पातळ वापरला असेल, तर तसे सांगून भाव घ्यावा. फेब्रुवारीच्या शेवटी, गर्दी सुरू होण्याआधी, गल्लीतल्या दहा दुकानांचे कूलर ठराविक मजुरीत तपासून देण्याचे काम एखाद्या होतकरू मुलाला सहज मिळू शकते. त्याला दुकान लागत नाही, भांडवलही थोडेच लागते.

थेंबाचा हिशेब

थेंबाने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसात ८६,४०० थेंब पडतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे पाणी रोजचे चार लिटरांहून अधिक होते. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात चारशे लिटरांच्या पुढे, म्हणजे पंधरा लिटरच्या पंचवीसहून अधिक घागरी. ज्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली, तेथे एवढे पाणी फरशीवर सांडणे हा इस्राफच आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण ज्या उम्मतला मिळाली आहे, तिच्या दुकानाच्या दारात थारोळे असू नये.

ठेवताना घेतलेली काळजी

पुढच्या वर्षीची अर्धी गळती या वर्षी जूनमध्येच टाळता येते. कूलर बंद करताना टाकी पूर्ण रिकामी करावी, क्षार खरवडून गोड्या पाण्याने धुवावी आणि दोन दिवस उन्हात वाळवावी. जुने गवत आत ठेवून देऊ नये, ते ओल धरून पत्रा खाते. पंप काढून, धुऊन, कोरडा करून वेगळा ठेवावा. नळीची सैल गुंडाळी करावी, घडी घालू नये. बूच काढून ठेवावे, म्हणजे आत पाणी साचणार नाही. आणि हंगामात दर आठवड्याला टाकी एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. त्याने क्षार कमी साचतात आणि डासही होत नाहीत.

हिजरी महिने ऋतूंमधून फिरत राहतात. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला, आणि पुढे ती आणखी थंडीकडे सरकत जाईल. ईदच्या खरेदीची तारीख चंद्र ठरवतो, कूलरच्या तपासणीची तारीख मात्र ऊनच ठरवते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ही तिची योग्य वेळ. तेव्हा कारागीर मोकळा असतो, सुटे भाग स्वस्त असतात आणि वॉशर बदलायला घाई नसते. आधी टाकी, मग बॉलकॉक, मग पंप, शेवटी पंखा, हा क्रम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. इन्शाअल्लाह, माल कोरडा राहील, पाणी वाचेल आणि दुकानात बसलेली माणसे संध्याकाळी सुखरूप घरी जातील.